बैलापुढे छिन: एक चिनी वाक्प्रचार मुळापासून शिकताना

मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, शिकायला लागून वर्षभर झालं की जीभ शिवशिवायला लागते. आपण 'नी हाओ'च्या पुढे गेलोय हे चार लोकांना कळावं असं वाटतं आणि माणूस छंगयूंच्या नादी लागतो. छंगयू म्हणजे चिनी भाषेतले घट्ट बसलेले वाक्प्रचार. बहुतेक चार अक्षरांचे, आणि बरेचसे जुन्या ग्रंथांतल्या एखाद्या गोष्टीचं शेपूट धरून आलेले. शब्दकोशांत ते हजारोंनी सापडतात. मी एकेकाळी वहीत तीनेकशे उतरवून घोकले होते. त्यातले बोलताना न अडखळता वापरता येतात असे आज मोजले तर तीसही भरणार नाहीत.

त्यामुळे इथे यादी देत नाही. एकच छंगयू घेऊ आणि तो पार उसवून पुन्हा शिवू. नवशिक्यांना मी नेहमी हाच देतो, कारण मराठी माणसाला तो ऐकताक्षणी कळल्यासारखा वाटतो. खरी गोम त्या 'वाटण्यात' आहे.

छंगयू असा: त्वेइ न्यौ थान छिन.

आधी चारही अक्षरं सुटी करा

त्वेइ म्हणजे 'च्या समोर', 'ला उद्देशून'. न्यौ म्हणजे गोठ्यातलं जनावर. थान म्हणजे तार छेडून वाजवणं. छिन हे तंतुवाद्य. जोडून वाचलं तर 'बैलापुढे छिन वाजवणं'.

न्यौचं भाषांतर बैल करावं की गाय, यावर वर्गात हमखास वाद होतो. चिनीत न्यौ हा एकच शब्द सगळ्या कुळाला पुरतो. म्हैस हवी असेल तर मागे 'पाणी' लावून शुइ-न्यौ, दुभती गाय हवी असेल तर 'दूध' लावून नाय-न्यौ, तिबेटकडचा याक म्हणजे माओ-न्यौ. नुसत्या न्यौला लिंग नाही. मी बैल म्हणतो, कारण मराठीत एखाद्याला 'अगदीच बैल आहे' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. मूळ गोष्टीत मात्र ती गायच असावी असा माझा संशय आहे. का, ते गोष्ट आली की बघा.

छिनवर जरा थांबायला हवं. चित्रांच्या पुस्तकांत बैलासमोर कुणी पियानो ठेवतं, कुणी सतार. छिन हा शब्द आता अनेक वाद्यांच्या नावात शिरलाय हेही खरं: पियानो म्हणजे कांग-छिन, व्हायोलिन म्हणजे श्याओ-थी-छिन, माउथ ऑर्गन म्हणजे खोउ-छिन. या वाक्प्रचारातली छिन मात्र जुनी, सात तारांची, जिला हल्ली कू-छिन म्हणजे 'प्राचीन छिन' म्हणतात. साधारण सव्वा मीटर लांबीची लाकडी पेटी मेजावर आडवी ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हाताने त्या दाबत सरकत जायचं. सतारीसारखे पडदे नाहीत. स्वरांच्या जागा दाखवायला कडेने तेरा ठिपके जडवलेले असतात, बस. सरकत्या बोटातून जे निघतं ते आपल्या मींडेच्या फार जवळचं वाटतं. युनेस्कोने २००३ मध्ये या वाद्याच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर भारताकडून केसरबाई केरकरांची भैरवी आहे हे आपल्याला ठाऊक असतं. त्याच तबकडीवर चीनकडून क्वान फिंगहू यांनी वाजवलेली छिन आहे, सात मिनिटांहून जास्त.

आपल्या कामाची गोष्ट वेगळीच. छिनचा आवाज फार लहान. खोलीत बसलेल्या दोन-चार माणसांसाठीच हे वाद्य. पलीकडे कुकरची शिट्टी झाली की स्वर गेला. ही छिन उघड्या कुरणात नेऊन चरणाऱ्या गुरापुढे वाजवणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. मग वाक्प्रचारातली गंमत नुसत्या 'मूर्ख बैला'पुरती राहत नाही.

आता थान. या अक्षराला दोन उच्चार आहेत. थान म्हणजे छेडणं आणि तान म्हणजे बंदुकीची गोळी किंवा बॉम्ब. डावीकडे धनुष्याचं चिन्ह असतं. तारेचं वाद्य काय आणि गोळी काय, दोन्हींत ताणून सोडणं आलंच. ओळीने वाचत जाणारे नवशिके इथे हटकून 'तान' वाचतात आणि बैलावर गोळीबार होतो.

लिहायला एकूण बत्तीस फटकारे: त्वेइचे पाच, न्यौचे चार, थानचे अकरा, छिनचे बारा. हा हिशेब मुख्य चीनमधल्या सोप्या लिपीचा. तैवान आणि हाँगकाँगमध्ये जुनी वळणं चालतात, तिथे त्वेइ आणि थान बरेच गिचमिड दिसतात. न्यौ आणि छिन दोन्हीकडे सारखेच.

उच्चार: मराठी कान इथे कामाला येतो

पुस्तकात उच्चार रोमन लिपीत दिलेले असतात आणि ती लिपी आपल्याला फसवते. पहिलं अक्षर तिथे 'डी'ने सुरू होतं, म्हणून मुलं 'दुई' म्हणतात. चिनी 'डी' म्हणजे आपला त. चिनी 'टी' म्हणजे थ. त्यांचा 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख, 'बी' म्हणजे प. अल्पप्राण-महाप्राण हा भेद इंग्रजीवर वाढलेल्या माणसाला महिनोन् महिने घोटावा लागतो. आपण तो बाराखडीबरोबर गिळलेला असतो. चिनी 'झेड'सुद्धा आपल्याकडे तयार आहे: 'चमचा'तले दोन्ही च. म्हणून सुरुवातीला वहीत रोमनच्या शेजारी देवनागरीत लिहायला लाजू नका. शिक्षक रागावले तरी लिहा.

देवनागरीत न मावणारी गोष्ट म्हणजे सूर. त्वेइ वरून खाली कोसळतो, चिडून 'बास!' म्हणतो तसा. उरलेले तिन्ही, न्यौ, थान, छिन, खालून वर चढतात, फोनवर नीट ऐकू आलं नाही की आपण 'हं?' म्हणतो तसे. म्हणजे 'बास! हं? हं? हं?' ही त्याची चाल. हसू येतं, पण दहा वेळा अशी म्हटली की बसते. सलग तीन चढते सूर घेताना तिसऱ्यापर्यंत दम संपतो आणि छिन सपाट पडते. तो चढवण्यासाठी प्रत्येक अक्षर पुन्हा खालून उचला.

गोष्ट अर्धी वाचू नका

भाषा शिकवणाऱ्या ॲपवर या छंगयूमागची गोष्ट साधारण अशी सापडते: कुंगमिंग यी नावाचा मोठा वादक होता. एकदा त्याने बैलापुढे सुंदर धून वाजवली, बैल चरतच राहिला. तात्पर्य, मूर्खापुढे शहाणपण फुकट.

मूळ गोष्ट इथे फक्त निम्मी होते.

ती ज्या ग्रंथात आहे त्याचं नाव ली-ह्वो-लुन, म्हणजे साधारण 'शंकानिरसन'. लिहिणारा मौ-त्सू. प्रस्तावनेत तो स्वतःबद्दल सांगतो की सम्राट लिंगच्या मृत्यूनंतर (इ.स. १८९) सगळीकडे धामधूम माजली, तेव्हा आईला घेऊन तो दक्षिणेला, आजच्या उत्तर व्हिएतनामच्या बाजूला गेला. चीनमध्ये बौद्ध धर्म तेव्हा नवा होता आणि मौ-त्सूने तो स्वीकारला होता. भोवतालचे विद्वान कन्फ्यूशियसच्या परंपरेतले, त्यांना हे परदेशी खूळ वाटत होतं. त्यांच्या शंका आणि मौ-त्सूची उत्तरं असा हा सदतीस प्रकरणांचा ग्रंथ. सदतीसच का, तर बौद्ध मताप्रमाणे ज्ञानप्राप्तीकडे नेणारी अंगं, म्हणजे बोधिपक्षीय धर्म, सदतीस म्हणून. पुढे संग यौ (४४५–५१८) या भिक्षूने बौद्ध धर्माच्या बाजूचे लेख एकत्र केले, त्या संग्रहातून हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला.

एका ठिकाणी शंका काढणारा विचारतो: तुमच्या सूत्रांचं तुम्ही एवढं कौतुक करता, मग उत्तर देताना आमचीच जुनी काव्यं आणि इतिहास का काढता? तुमच्या सूत्रांतलं का नाही सांगत?

मौ-त्सू म्हणतो, तुम्हाला जे ठाऊक आहे त्यातूनच मी बोलतो. सूत्रांची भाषा काढली तर ते आंधळ्याला पाच रंग सांगितल्यासारखं होईल. मग तो कुंगमिंग यीची गोष्ट सांगतो. त्याने गुरापुढे 'छिंग-च्याओ' नावाची धून वाजवली. ते जनावर मान खाली घालून चरत राहिलं. आणि पुढचं वाक्य हे: त्याला ऐकू येत नव्हतं असं नाही, ते त्याच्या कानाला जुळत नव्हतं. मग वादकाने वाजवणं बदललं. डास आणि गोमाश्यांची गुणगुण काढली, आईपासून चुकलेल्या वासराचं हंबरणं काढलं. लगेच शेपटी हलली, कान उभे राहिले, आणि ते जनावर लहान लहान पावलं टाकत ऐकू लागलं.

वासराच्या हाकेने जिचे कान उभे राहिले ती गाय नाही तर कोण? माझा संशय तो हाच.

छिंग-च्याओ ही धून ऐरीगैरी नव्हे. हान फेई या प्राचीन चिनी विचारवंताच्या ग्रंथात तिची वेगळी कथा आहे. चिन राज्याचा राजा फिंग हट्ट धरतो की मला छिंग-च्याओ ऐकव. दरबारचा अंध वादक श ख्वांग सांगतो, महाराज, तेवढं पुण्य तुमच्या गाठी नाही, सोसणार नाही. राजा ऐकत नाही. वाजवणं सुरू होतं, वायव्येकडून ढग चढतात, मग वादळ-पाऊस, पडदे फाटतात, भांडी फुटतात, छपराची कौलं उडतात, पाहुणे सैरावैरा पळतात, राजा आतल्या दालनात जमिनीला चिकटून बसतो. राज्यात तीन वर्षं दुष्काळ पडतो. राजाची ज्या धुनेपुढे अशी गाळण उडाली, तीच धून या गुराने चरता चरता पचवली. मौ-त्सूच्या वाचकांना दोन्ही कथा ठाऊक असणार आणि ते इथे हसले असणार. आजच्या पाठ्यपुस्तकात धुनेचं नाव उरतं, हसू निघून गेलेलं असतं.

म्हणजे मूळ गोष्टीत वादक हरत नाही आणि गायही मूर्ख ठरत नाही. मौ-त्सू ही गोष्ट स्वतःच्या बचावासाठी सांगतो: मी तुमच्या कानाला जुळेल असं वाजवतोय. भारतातून आलेला विचार चिनी माणसाला चिनी दाखल्यांनी सांगण्याची ही त्याची तऱ्हा. चार अक्षरांत मात्र फक्त पहिला भाग मावला आणि तेवढाच बाजारात चालला.

आज त्याचा अर्थ काय होतो

वापरात दोन अर्थ आहेत. पहिला: ज्याला समजण्याची कुवत किंवा इच्छा नाही त्याला समजावणं, किंवा बाहेरच्या माणसापुढे आतल्या माणसांची भाषा बोलणं. इथे हसू ऐकणाऱ्याचं होतं. दुसरा: समोर कोण आहे हे न बघता बोलत सुटणं. इथे हसू बोलणाऱ्याचं. दोन्ही अर्थ चिनी शब्दकोश देतात. वाक्य ऐकताना थप्पड कुणाच्या गालावर बसतेय ते आधी ओळखायचं. संदर्भाशिवाय ते कळत नाही.

मराठी माणूस इथे लगेच 'गाढवापुढे वाचली गीता' म्हणतो. बरोबरच आहे, पण ती म्हणही आपण अर्धीच म्हणतो. पूर्ण म्हणा: 'गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता.' हा शेरा गाढवाचा आहे. त्याने गीता ऐकली, काल अंगणात झालेला गोंधळही ऐकला होता, दोन्हींची तुलना केली आणि मत दिलं. संबळ-तुणतुण्याचा गोंधळ त्याच्या कानाला जुळला. म्हणजे आपल्या म्हणीने ऐकणाऱ्याची आवड पोटात ठेवलीय आणि चिनी छंगयूने ती गोष्टीतच सोडून दिली. हिंदीतली 'भैंस के आगे बीन बजाए, भैंस खड़ी पगुराए' मात्र छंगयूच्या पहिल्या भागाला नेमकी जुळते. वाद्य वेगळं, पण जनावराची बेफिकिरी तीच.

'पालथ्या घड्यावर पाणी' हे भाषांतर मी टाळतो. त्यात श्रम वाया गेल्याचं दुःख आहे, पण वाजवणाऱ्याच्या कलेचा तोरा नाही. छंगयूमध्ये तो असतो: मी छिन वाजवतोय आणि तू चरतोयस. संस्कृतात 'अरसिकेषु कवित्वनिवेदनम्' माझ्या कपाळी लिहू नकोस म्हणून ब्रह्मदेवाला विनवणारा कवी याच तोऱ्याचा.

जाता जाता, आपल्याकडे विहिरीवर मोट चालायची तेव्हा मोटकरी बैलांसाठी गाणी म्हणायचे आणि बैल त्या चालीवर मागे-पुढे करायचे. हे पाहिलेल्या आजोबांना हा छंगयू समजावून सांगितला तर ते म्हणतील, वाजवणाऱ्यालाच काही येत नसणार.

वाक्यात बसवताना

नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. ते छंगयूला क्रियापद समजून पुढे कर्म लावतात: 'मी त्याला त्वेइ-न्यौ-थान-छिन केलं'. असं होत नाही. 'कुणापुढे' हे छंगयूच्या पोटात आधीच आहे, तिथे न्यौ उभा आहे. दुसऱ्या माणसाला जागा नाही. माणूस वाक्याच्या आधीच्या भागात ठेवायचा आणि छंगयू शेवटी शेरा म्हणून आणायचा.

घोटून ठेवावीत अशी तीन वाक्यं देतो.

कन था च्यांग ताओली, तंगयू त्वेइ न्यौ थान छिन. 'त्याला समजुतीच्या चार गोष्टी सांगणं म्हणजे बैलापुढे छिन.' इथे तंगयू म्हणजे 'बरोबर', गणितातल्या चिन्हासारखं. डावीकडे कृती, उजवीकडे छंगयू.

नी कन था च्यांग च-श्ये, च्येन-च श त्वेइ न्यौ थान छिन. 'तू त्याला हे सांगतोयस, ही निव्वळ बैलापुढची छिन झाली.' च्येन-च म्हणजे 'निव्वळ', 'चक्क'. बोलण्यात ही जोडी सर्रास ऐकू येते.

नी कन वो च्यांग कूत्येन यिनयुए, चन श त्वेइ न्यौ थान छिन. 'तू मला शास्त्रीय संगीताबद्दल सांगतोयस, खरोखर बैलापुढे छिन आहे.' या तिसऱ्या वाक्यात बैल मी स्वतः आहे. नवशिक्याने सुरुवातीची दोन वर्षं हेच एक वाक्य वापरावं असं माझं स्पष्ट मत आहे. समोरचा हसतो, विषय सोपा करून पुन्हा सांगतो आणि तुमच्या चिनीचं कौतुकही करतो. कूत्येन यिनयुएच्या जागी शेअर बाजार, क्रिकेट, काय हवं ते घाला.

चार अक्षरांमध्ये काही घुसवू नका, क्रम बदलू नका, बैलाऐवजी गाढव आणू नका. चिनी लोक जाहिरातींत आणि विनोदात असे खेळ करतात. आपण केला तर तो खेळ वाटत नाही, चूक वाटते.

कुणाला म्हणायचं, कुणाला नाही

वर दिलेलं मत अनुभवाने आलंय. चाकणजवळच्या एका कारखान्यात नवं इंजेक्शन मोल्डिंग मशीन बसवायला चीनहून एक वयस्कर तंत्रज्ञ आले होते. सगळे त्यांना शफू म्हणत. कसबी कारागिराला, उस्तादाला तिकडे तसंच म्हणतात. मी दुभाषा. साचा भरल्यावर दाब किती वेळ धरून ठेवायचा हे शफू समजावत होते, मी मराठीत सांगत होतो आणि दोन ऑपरेटर माना डोलवत होते. मशीनला हात लावला की पुन्हा तीच चूक. तिसऱ्या वेळी मला शफूंची बाजू घ्यावीशी वाटली. छंगयूही नुकताच पाठ झालेला. हळूच म्हणालो, कन थामन च्यांग, च्येन-च श त्वेइ न्यौ थान छिन. यांना सांगणं म्हणजे बैलापुढे छिन.

शफूंनी थर्मासचं झाकण लावलं आणि विचारलं, "शेइ श न्यौ?" कोण बैल?

मला उत्तर सुचेना. त्यांनी खालच्या ट्रेमधून एक शॉर्ट आलेला पीस उचलला, कोपरा न भरलेला. शेजारी चांगला पीस ठेवला आणि दोन्ही पीस एका ऑपरेटरच्या तळहातावर दिले. त्याचं बोट रिकाम्या कोपऱ्याशी नेलं, मग स्वतःची मूठ घट्ट आवळून मनात एक-दोन-तीन मोजल्यासारखी धरून ठेवली.

"अस्सं होय!" ऑपरेटर म्हणाला. "दाब लवकर सोडला की कोपरा राहतोय. मग दादा, हे आधी सांगायचं ना!"

दादा म्हणजे मी. शफूंचे शब्द मी शब्दशः मराठीत ओतत होतो आणि ते मराठीही कुणाच्या कानाला जुळणारं नव्हतं. 'धारण दाब' असं काहीतरी मी म्हणत होतो.

तेव्हा नियम साधे आहेत. समोर बसलेल्याला उद्देशून हा छंगयू कधीच नाही, जिवलग मित्र आणि स्वतः सोडून. वडीलधारे, शिक्षक, ग्राहक, वरिष्ठ यांच्याबद्दल त्यांच्या पाठीमागेही नाही. ज्याला चिनी येत नाही त्याच्यादेखत त्याच्याबद्दल तर नाहीच, हाताखालच्या माणसाबद्दल असेल तेव्हा विशेष. लिहिताना थोडी सूट मिळते: 'ही जाहिरात म्हणजे बैलापुढे छिन' असं म्हटलं तर रोख जाहिरात करणाऱ्यावर जातो आणि दुसरा अर्थ चालून जातो.

आणखी एक घोटाळा. आजच्या बोलीत नुसतं 'न्यौ!' म्हटलं तर ती शाबासकी असते, आपल्या 'भारी!'सारखी. त्यामुळे कुणी तुम्हाला 'नी चन न्यौ' म्हणालं तर खुश व्हा. हट्टी स्वभावाला मात्र 'न्यौ फी-छी' म्हणतात, बैलाचा स्वभाव.

शेजारपाजारचे

एकमेकांचं एकमेकांना कळत नसेल आणि दोष कुणाचाच नसेल, तर 'ची थुंग या च्यांग', कोंबडी बदकाशी बोलतेय. हा कँटनी बोलीतून पसरलेला प्रयोग आहे आणि परभाषेत अडखळणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी फार सोयीचा, कारण त्यात उच्च-नीच नाही. त्या दिवशी कारखान्यात मला हा हवा होता.

समजतंय पण मुद्दाम कानाआड करतोय, तर 'अर प्येन फंग', कानाशेजारून गेलेला वारा. याचाच एक साहित्यिक भाऊ थांग काळातल्या ली पाय (७०१–७६२) या कवीच्या ओळीवरून आलाय: घोड्याच्या कानावरून जाणारा पूर्वेचा वारा. पोराला दहादा सांगूनही मोबाईल सुटत नसेल तर तिथे छिन काढू नका, वारा काढा. पोराला सगळं समजलेलं असतं.

शिकवणाऱ्याने ऐकणाऱ्याप्रमाणे पद्धत बदलली तर 'यिन त्स्हाय श च्याओ'. त्याच्या मुळाशी कन्फ्यूशियसचा किस्सा आहे: ऐकलेलं लगेच आचरणात आणावं का, हा एकच प्रश्न दोन शिष्यांनी विचारला आणि उतावळ्याला त्याने थांबवलं, बुजऱ्याला पुढे ढकललं.

आणि नेमका उलटा शब्द हवा असेल तर 'च-यिन', स्वर ओळखणारा. पुन्हा छिनच. 'पो या' हा वादक वाजवताना मनात डोंगर आणायचा की त्याचा श्रोता चुंग त्सछी म्हणायचा, वा, उत्तुंग पर्वत! वाहतं पाणी मनात आणलं की म्हणायचा, वा, वाहती नदी! लोककथेत हा श्रोता साधा लाकूडतोड्या. तो वारला तेव्हा पो याने तारा तोडल्या आणि पुन्हा छिनला हात लावला नाही. अंतराळात गेलेल्या त्या तबकडीवरची धून 'वाहतं पाणी' हीच, आणि परंपरा तिचं नातं पो याशी जोडते. जिवाभावाच्या मित्राला चिनी लोक आजही च-यिन म्हणतात.

सरावाला भेंड्या

पाठ करण्यापेक्षा खेळा. चिनी घरांतून आणि शाळांतून 'छंगयू च्ये-लुंग' खेळतात. आपल्या गाण्याच्या भेंड्याच, फक्त शेवटचं पूर्ण अक्षर घेऊन पुढचा छंगयू सुरू करायचा. आपल्या छंगयूचा शेवट छिनवर होतो. पुढे: छिन छी शू ह्वा, म्हणजे छिन, पटावरचा खेळ, सुलेखन आणि चित्रकला, जुन्या काळच्या सुशिक्षिताला यायला हव्यात त्या चार गोष्टी. ह्वावरून: ह्वा श थ्येन त्सू, सापाचं चित्र काढून त्याला पाय जोडणं, आपल्या भाषेत नको तिथे शहाणपणा. त्सूवरून: त्सू च त्वो मोउ, अक्कलहुशारीने आणि युक्त्यांनी भरलेला.

शेवटच्या उडीत एक मौज आहे. सापाच्या छंगयूत त्सू म्हणजे पाय, पुढच्यात तेच अक्षर 'पुरेपूर' या अर्थाने येतं. अक्षर तेच असलं की खेळात चालतं, अर्थ बदलला तरी.

आठवडाभर रोज ही साखळी मोठ्याने म्हणा, 'बास! हं? हं? हं?' या चालीपासून सुरू करून. मग एखाद्या चिनी मित्राला फोन लावा, त्याला त्याच्या आवडीच्या विषयावर बोलतं करा, आणि तुमचं सगळं डोक्यावरून गेलं की तिसरं वाक्य टाका. कूत्येन यिनयुएच्या जागी त्याचा विषय घालायला विसरू नका.